मोडक्या जीनचं रोप

सर, प्रॅक्टिकलच्या टेबलावर काचपट्ट्या पुसता पुसता माझ्या जोडीची ती मुलगी म्हणाली, "लग्नबिग्न नाही रे करायचंय मला तुझ्याशी," आणि माझं डोकं तिथेच फिरलं. तुम्ही फळ्यापाशी मक्याचं शिकवत होतात. पेशीला कुठलाही जीन वाचायचा तर आधी एक प्रोटीन त्याच्या तोंडाशी येऊन बसावं लागतं. त्या प्रोटीनचा जीन बऱ्याच जीवांत एकच, मक्यात मात्र दोन. मी तिच्यावरचा राग तुमच्यावर काढला. "म्हणजे एक मेला तरी चालतं! दुसरा स्पेअर असतोच ना!" वर्ग हसला. तुम्ही नाही. "स्पेअर नाय रे बाबा. दोघंही रोज कामावर जातात. एक गेला की काय होतं, ते रोप वाढवल्याशिवाय कळत नाय."

त्या दिवसापासून मी कॉलेजात पाय ठेवला नाही. मग एका रविवारी तुम्ही धापा टाकत परळच्या आमच्या चाळीचे जिने चढून येता, हातात कुंडीतलं मक्याचं रोप. आई सुकटाची चटणी वाढते, म्हणते, "मास्तर, ह्याका तुमीच काय ता सांगा."  तुम्ही नुसतं कुंडीकडे बोट दाखवता. "यातला एक जीन मोडलेला आहे. दिसतंय काय?" मला दिसत नाही, हिरवंगार तर आहे. "तेच तर! तुरा येऊ दे, मग बोलू. धडधाकट रोप पुढच्या रविवारी आणतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळायचा नाय."

पुढच्या रविवाराआधीच तुम्ही कायमचे गेलात. गॅलरीत आईने रोप वाढवलं. तुरा आला, कणीसही धरलं, सोललं तर आत चारदोन दाणे, बाकी बोडकं. मी पेटलो, ओरडलो, बघा, एक गेला की असं होतं! मग तुमचंच आठवलं, मक्याचं एकटं रोप धडधाकट असलं तरी नीट भरत नाही, पराग बहुतेक शेजारच्या रोपावरूनच यावा लागतो. मग हे मोडक्या जीनमुळे, की एकटं होतं म्हणून? कुणाला विचारू?

आज दादरला तिचं लग्न आहे. काल फोनवर म्हणाली, "येशील ना? आणि ठीक आहेस ना रे?" म्हटलं, एकदम मस्त. इतकी वर्षं सगळे तेच म्हणतात, पोरगा सावरला. मलाही आरशात काही वेगळं दिसत नाही.

हे पत्र कुठे धाडणार, सर? घडी करून रिकाम्या कुंडीखाली ठेवतोय. शर्टाला इस्त्री केलीय, पण दादरला जाईनसं वाटत नाही. आई आतून विचारतेय, "खय चाललंस रे?" मलाच ठाऊक नाही. चपला घालतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.