पालम, आवाज येतोय का

गंगाखेड,
मंगळवार, ता. १२ डिसेंबर १९८९

चि. सौ. विमला हिस,
मार्तंडचे अनेक आशीर्वाद. वि. वि. काल संध्याकाळी आमच्या टेलिफोनचा बोर्ड बंद झाला. नवं मशीन बसलं. आता ज्याचा तो नंबर फिरवणार, ऑपरेटर कुणाला हवा? एक तारखेपासून मला मानवतला बिलाच्या खिडकीवर बसायचं आहे. तोवर शिल्लक रजा संपवा म्हणाले साहेब.

म्हणून आज कामाच्या दिवशी घरी आहे. तुझ्या वहिनीने दोन तास सहन केलं, मग तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. दुपारपर्यंत घर इतकं शांत असतं हे मला माहीतच नव्हतं. दहा वाजले आणि चैन पडेना. चौदा वर्षं रोज दहाला लाइन तपासताना मी विचारायचो, पालम, आवाज येतोय का. सूर्यभानराव पोस्टात टपालाची थैली फोडण्यात गुंतलेले, म्हणून फोन तू घ्यायचीस आणि म्हणायचीस, येतोय. सरकारी लाइनवर घरचं बोलायचं नाही हा नियम माझाच. पण तेवढ्या एका शब्दावरून मला सगळं कळायचं. तुझ्या सासूबाई तानुबाई गेल्या त्या सकाळी तू काही सांगितलं नव्हतंस, तरी मी अकराच्या एसटीने आलोच ना?

आता मला कसं कळणार? खरी खुशाली लिही. सूर्यभानरावांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
मार्तंड

पालम,
शुक्रवार, ता. १५ डिसेंबर

ती. स्व. दादास,
विमलाचा सा. न. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तू शेंगा सोलतोस ते वाचून हे इतके हसले की टपालावर शिक्के वाकडे पडले. वहिनीला म्हणावं, दाणे तपासून घ्या, निम्मे पोटात गेले असतील. ह्यांचं म्हणणं, खातं सुधारायलंय, त्यात रडायचं काय. पण कालही दहाला मी पिठाच्या हातानंच घरातून पुढं पोस्टात गेले आणि फोनजवळ उभी राहिले. ह्यांनी पाहिलं आणि शिक्के मारत राहिले. थोड्या वेळानं मी परत चुलीपाशी आले.

दादा, वर खुशाल लिहिलं ते खोटं आहे. कागदावर खोटं लिहिणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. दिवाळीपासून रोज संध्याकाळी ताप येतो, खोकला थांबत नाही. बोर्डावरचे तुझे शेवटचे दिवस, त्यात तुला घोर नको म्हणून मी आधी पाणी पिऊन, घसा साफ करून मगच फोन उचलायचे. डॉक्टर म्हणतात, परभणीला जाऊन छातीचा फोटो काढा. ह्यांच्या जागी बदली माणूस मिळंना. मला लय भीती वाटायलीय. तुझी फार आठवण येते. तू चल माझ्यासोबत.

वहिनीला नमस्कार. या धाकट्या बहिणीवरचा जीव कमी करू नकोस.
तुझी,
विमला

गंगाखेड,
शनिवार, ता. १६ डिसेंबर

चि. सौ. विमला हिस,
आशीर्वाद. वि. वि. पत्र आत्ताच मिळालं. सोमवारी, त्या शेवटच्या दिवशी, तू दोनदा येतोय म्हणालीस. मधे थांबलीसही. चौदा वर्षांत असं कधी केलं नव्हतंस. मला वाटलं, बोर्ड बंद होतोय म्हणून तुला भरून आलं. मलाही आलं होतं, म्हणून मी पुढं ऐकलंच नाही, प्लग काढून टाकला. जन्मभर कान देऊन बसलो आणि नेमकं त्या दिवशी चुकलो. हे मला फार लागलं आहे.

मंगळवारी सकाळच्या एसटीने येतो. आपण परभणीला जाऊ, फोटो काढू, राहावं लागलं तर राहू. तुझं होईपर्यंत मानवतची खिडकी थांबेल, मी तसं साहेबांना लिहून दिलं आहे. वहिनीने तुझ्यासाठी सोललेले दाणे बांधून ठेवलेत. आधी तपासून घेतले.

त्या दिवशी दहाला फोनजवळ उभी राहू नकोस. अंथरुणावरच पडून राहा. मी दारातूनच विचारीन, पालम, आवाज येतोय का. तू आतून सांग, आणि घसा साफ न करता सांग.

तुझा,
दादा