'पाहिलं' आणि 'म्हणे'

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. पण परवा मोरीत भांडी घासताना तुमचे ते दोन रकाने आठवले आणि हात थांबला.

लालबागची आमची चौथी. बाहेर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या घोषणा, आणि तुम्ही पुस्तक मिटून विचारता, "चाळीच्या टाकीचं पाणी वास का मारतं? मला ठाऊक नाही. जा, शोधा." निम्मी पोरं पोटदुखीनं घरी होती. वहीत दोन रकाने पाडायला लावलेत, 'पाहिलं' आणि 'म्हणे'. ऐकीव गोष्ट 'पाहिलं'खाली गेली की चिडायचात, "डोळे कुणाला उसने दिलेस का गं?" आम्ही गटार उपसलं, घरोघर विचारलं. सगळी चाळ एका सुरात, गिरणीच घाण सोडते. गिरणीमालकांवर राग काढायचे दिवसच होते ते.

पण मी पाहिलं होतं. आई बाळंतीण, म्हणून बाबांनी चाळमालकाला न विचारता खोलीत मोरी काढली होती. तिचं पाणी भिंतीतून पलीकडच्या टाकीत झिरपत होतं. मी ओल दाखवली तर बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "बोललंस तर खोली जायत. मगे खंय रवायचा?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "गिरणीचं पाणी तू स्वतः पाहिलंस?" इकडे आड, तिकडे विहीर. "हो बाई," म्हटलं आणि 'पाहिलं'खाली लिहिलं. माझंच पान घेऊन तुम्ही आम्हा पोरांसह गिरणीच्या फाटकावर गेलात. गिरणीवाल्यांनी नाला उघडून दाखवला, तो टाकीच्या जवळपासही जात नव्हता. हेडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरांना मोर्चे शिकवता?" तुमची बदली झाली. बाबांनी गुपचूप सिमेंट भरलं, पाणी सुधारलं. चाळ म्हणाली, गिरणी घाबरली. जाताना तुमची लाल-निळी पेन्सिल तुम्ही मलाच दिलीत, "चुकलीस तरी पाहणं सोडू नकोस." तुम्हाला ती चूक वाटली, याची मला अजून लाज वाटते.

खोली आता माझ्या नावावर आहे. चाळ पाडून नवी इमारत बांधणार आहेत. मापं घ्यायला आलेल्या मुलीनं विचारलं, "आजी, ही मोरी मूळचीच ना? नाहीतर नव्या घरात तेवढी जागा कमी धरतील."

"मूळचीच," म्हटलं. तिनं लिहून घेतलं. हे पत्र कुठे टाकणार म्हणा, पण तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. खोली जाईल, बाई.