गड्डा का धरत न्हाय

१८ ऑगस्ट १९९६, वरकुटे
फ्लॉवरची रोपं लावून झाली! आमची अर्धा एकर, बांधापलीकडं दत्तोबाची. दोघांचं बी मालकिणीनं, शकूआजीनं बारामतीहून आणलेलं. तिच्या घरात तिच्याशिवाय मीच. म्हणाली, "गड्डं विकलं की जा तुझ्या किनवटला." म्हणजे दिवाळीला घरी! मामानं मुलगी बघून ठेवलीय.

१० ऑक्टोबर
दत्तोबाच्या रानात लिंबाएवढं गड्डं! आमच्यात नुसती पानं. लावलं एकाच दिवशी, पाणी एकाच विहिरीचं. मग?

१७ ऑक्टोबर
युरिया जास्त झाला? का पाणी? रोज शेंडा उघडून बघतो — काय न्हाय. दत्तोबा बांधावरनं ओरडतो, "काय रं किनवटकर, पालाच विकतो का काय!"

२३ ऑक्टोबर
दत्तोबाला हातभार लावायला गेलो. उन्हानं गड्डा पिवळा पडतो म्हणून पानं मोडून वर झाकत होतो. त्यानंच सांगितलं, "माझं बियाणं हळवं, लवकर येणारं. तुझं गरवं दिसतंय, उशिराचं. त्याला थंडी लागल्याबिगर गड्डा धरत न्हाय."
आजीला विचारलं. "दुकानदार चुकला असंल," एवढंच म्हणाली नि चुलीकडं वळली.
थंडी कुठाय पण? दुपारी शर्ट काढावा लागतो!

१० नोव्हेंबर
दिवाळी. गेलो न्हाय. उभं पीक टाकून कसं जायचं? जायला पायजे होतं का? कळत न्हाय. आजी म्हणते, "करंज्या खा. तिकडं एवढ्या कोण देणार तुला!"

३० नोव्हेंबर
मामाचं पत्र. "तू आला न्हाईस. त्यांनी पोरगी दुसरीकडं दिली." तीनदा वाचलं. राग कुणावर काढू? दुकानदारावर? उन्हावर?

२२ डिसेंबर
आठ दिवस कडाक्याची थंडी. सकाळी पानं बाजूला केली — आत पांढरं, बोराएवढं! तसाच पळत घरी. "आजी, धरला गड्डा!" ती हसली न्हाय. "व्हय का," म्हणाली. मी एवढा नाचतोय नि हिला काय झालं?

१८ जानेवारी १९९७
शेवटचं गड्डं बारामतीला गेलं. जेवताना आजी खाली बघून म्हणाली, "दुकानदार चुकला न्हवता. तुझ्यासाठी गरवं मीच मागून घेतलं. हळवं लावलं असतं तर तू दिवाळीलाच गेला असतास."

मग म्हणाली, "यष्टी सहाला हाय. भाकरी बांधून देते."