समुद्रातल्या राक्षसाची पाठवणी

कासारवाडी,
१४ नोव्हेंबर १९७९

तीर्थस्वरूप ज्ञानदेव दाजी यांस, मेहुणा भीमराज याचा जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे सेकंड शिफ्ट करून माणूस जितका ठीक राहतो तितके. अक्काचे गुडघे कसे आहेत? कस्तुराने तिच्यासाठी तेल पाठवलं होतं, ते ती लावते की बाटली नुसती फळीवर ठेवून बघत बसते, ते कळवा. तुमच्या अलिबाग डेपोत नव्या गाड्या आल्या असं ऐकलं. आनंद झाला. (आनंद झाला असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे महिनाभर मला कशाचाच आनंद झालेला नाही, आणि तीच हकिगत सांगायला बसलो आहे.)

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत प्लॅस्टिकचं मोठं मशीन बसवायला जपानहून तनाका नावाचे साहेब आले होते. चार महिने माझं इंग्रजी त्यांना कळलं नाही आणि त्यांचं मला, त्यामुळे आमचं एकदाही भांडण झालं नाही. जाताना त्यांनी मला एक खोका दिला. आत बाहुला निघाला. बाहुला कसला, समुद्रातला राक्षस. वीतभर उंच, आतून पोकळ, माशाचं अंग, मगरीचा जबडा आणि हातांच्या जागी आठ सोंडा. सोंड न् सोंड खांद्यात फिरते, जबडा उघडतो, शेपूट वळते. तिकडे मोठी माणसंसुद्धा असले राक्षस जमवून कपाटात मांडतात म्हणे. मला आधी हसू आलं. मग मी भिंग घेऊन बसलो आणि हसू गेलं.

दाजी, मी अठरा वर्षं टूलरूममध्ये साचे कापतो आहे. काय कापलं, तर तेलाच्या बाटल्यांची बुचं, विजेच्या बटणांच्या पाट्या, आणि एकदा (मोठ्या साहेबांच्या मेहुण्यासाठी) साबणाची डबी. या राक्षसाच्या अंगावर चारशे बारा खवले आहेत आणि एक दुसऱ्यासारखा नाही. सोंडेखालच्या वाट्या टोकाकडे बारीक होत होत मोहरीएवढ्या होतात, आणि त्या मोहरीएवढ्या वाटीलासुद्धा काठ आहे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे मालावर एक रेघ उमटते. ती लपवणं हीच आमच्या धंद्यातली खरी विद्या. मी आठ दिवस ती रेघ शोधत होतो. त्या माणसाने ती खवल्यांच्या कडेकडेने वळवत नेली होती. सापडली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्यासारखाच कुणीतरी, माझ्यासारखीच कानस घेऊन, तिकडे हे करत बसला होता आणि मी इकडे बुचं कापत होतो. रिटायर व्हायच्या आधी असा एक साचा आपल्या हातून व्हावा, एवढंच वाटलं. तसं मला आयुष्याकडून दुसरं काही नको आहे.

कस्तुराचं मत वेगळं पडलं. फोटोंच्या फळीवर ती त्याला जागा देईना (बरोबरच आहे तिचं), आणि ज्वारीच्या डब्यावर ठेवला तर शेजारच्या शालनबाई म्हणायला लागल्या की त्याच्या नजरेने त्यांचं दूध नासतं. शेवटी मी त्याला कंपनीत नेला, तनाका साहेबांच्या त्या मोठ्या मशीनवर ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला बघून पितळेच्या तुकड्यावर खवले कोरू लागलो. महिन्याभरात तीन जमले.

मग दसरा आला. मी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो हे तुम्हाला माहीतच आहे. आणि आमच्या खात्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, ती हिंदुराव करतो. हा हिंदुराव तेच मशीन चालवतो. माणूस मनाने चांगला, पण हातात हळदीकुंकवाचं ताट आलं की त्याला आवरत नाही. मशीनवर जे असेल त्याला बोट लावायचं, मग तो पाना असो, हातोडा असो, नाहीतर सुपरवायझरचा चष्मा. (पूजेचं कुंकू पुसायचं नाही म्हणून सुपरवायझर एके वर्षी दिवसभर लाल बघत होते.) मी नागपूरहून परत आलो तर राक्षसाच्या गळ्यात झेंडूचा हार आणि पुढ्यात नारळ. त्यातून, आठवड्याला दोनदा बंद पडणारं मशीन त्यानंतर पंधरा दिवस बंद पडलं नाही. (मी जायच्या आधी त्याचा व्हॉल्व्ह बदलला होता. हे मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उदबत्ती लावली.) पुढे दर शिफ्टला तेल-शेंदूर सुरू झाला. दाजी, चारशे बारा खवल्यांत शेंदूर बसला. सोंडेच्या वाट्या बुजल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? आपल्या घराने देव सोडून तेवीस वर्षं झाली, आणि माझ्या हातून जगात एक देव वाढला.

माझी वस्तू मला परत द्या म्हणालो, तर हिंदुराव म्हणाला, "भाऊ, वस्तू तुझीच हाय. पण द्येव आता खात्याचा हाय." (चोरून न्यावा असंही मनात आलं, पण तिन्ही शिफ्टला त्याच्यापुढे कुणी ना कुणी हात जोडून उभं असतं.) मग माझ्या हातून चूक झाली. शिफ्ट संपत आली होती, अंग आंबलं होतं, एकदाचं समजावून टाकावं म्हणून सगळ्यांसमोर म्हणालो की बाबांनो, हा देव नाही, हा समुद्रातला राक्षस आहे, ह्याची जागा समुद्रात. हिंदुरावचा चेहरा पडला. हे आधी सांगितलं असतंस तर आम्ही त्याला इतके दिवस कोरड्यात ठेवला नसता, म्हणाला. दुसऱ्याच दिवशी मशीनचं तेल गळायला लागलं आणि देव घरी जायचं म्हणतो आहे असं खात्याने ठरवलं. एकाने इथल्या पवना नदीत सोडायचं सुचवलं, पण गोड्या पाण्यात तो गुदमरेल म्हणून ते नामंजूर झालं.

असो. आता लिहवत नाही. अक्काला जय भीम सांगा, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
भीमराज

ता. क. : सांगायचं राहिलंच. येत्या २५ तारखेला, रविवारी, खात्याची चौदा माणसं त्याला घेऊन तुमच्या अलिबागला येत आहेत. (जवळचा समुद्र तोच, शिवाय येताना सुकट आणता येते.) मला येता येणार नाही, सगळे गेल्यावर मशीन दुरुस्त करायला मीच उरतो. तो पोकळ आहे, बुडणार नाही. तुम्ही त्यांच्यापासून जरा लांब, पायजमा वर खोचून, हवा खायला आल्यासारखं उभं राहायचं, आणि लाटेबरोबर परत आला की पिशवीत घालायचा. भरती-ओहोटीचं मला कळत नाही, आमची पवना एकाच दिशेला वाहते. तेवढं कोळ्यांना विचारून ठेवा.

आणखी एक : शेंदूर रॉकेलने काढू नका, रंग जाईल. खरं म्हणजे काढूच नका. मी काढीन.

शेवटचं : नाहीच आला किनाऱ्याला, तर तसं कळवू नका. सापडला, कपाटात जपून ठेवला आहे, सवड झाली की येऊन घेऊन जा, असंच लिहा. मला सवड काही मिळायची नाही.