अथीनेसाठी फळी

सर, आज तुम्ही हरलात, आणि तुमच्याच वाक्यानं हरलात! क्योतोच्या आमच्या सेमिनारमधून सायकल इतकी जोरात हाणत आले की अजून धाप लागलीय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चहासुद्धा टाकवत नाही.

ते पान आठवतंय ना? पुण्याला तुमच्या स्वयंपाकघरात, शेंगा सोलता सोलता तुम्ही मला ग्रीक शिकवायचात. अथेन्समधला तो जुने देव मानणारा तत्त्वज्ञ, आणि त्याच्या शिष्यानं लिहिलेलं त्याचं चरित्र. राज्य ख्रिस्ती झालेलं, अथीनेची मूर्ती देवळातून हलवलेली. आणि याच्या स्वप्नात एक सुंदर बाई येऊन सांगते, लवकर घर तयार कर, देवीला तुझ्याकडे राहायला यायचंय. मी विचारलं, "मग त्यानं काय केलं, सर?" तुम्ही एक टरफल माझ्या अंगावर फेकलंत. "स्वप्नं कसली वाचतेस? तर्क वाच, तर्क! पुढचं पान." एवढं दटावून तुम्ही उठलात, आणि काकू गेल्यापासून रोज ठेवायचात तसं त्यांच्या पितळी अन्नपूर्णेपुढे वाटीभर पाणी ठेवलंत. मी हसले. तुम्ही म्हणालात, "माझा विश्वास नाही. पण घरात कोणी राहत असेल तर त्याला पाणी विचारायला नको?"

तेच पान माझ्या प्रबंधाच्या मुळावर आलं होतं. शिष्य स्वप्न सांगतो आणि तिथेच थांबतो. गुरूनं पुढे काय केलं, अवाक्षर नाही. इथले माझे प्रोफेसर म्हणाले, सोमवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर ते प्रकरण गाळा. अख्खा प्रबंध त्या प्रकरणावर उभा! शनिवारी मी डोकं धरून बसलेले, तर दारात घरमालकीणबाई. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर लाल लाळेरं बांधलेला छोटा दगडी जिझो आहे, लेकराबाळांना सांभाळणारा देव. त्याची देवळी आता नव्या इमारतीसाठी पाडणार आहेत. बाई माझ्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तुमच्याकडे ऊन छान येतं हो." मी आभार मानले आणि दार लावून घेतलं! रविवारी त्या पुन्हा हजर. "खरंच, ऊन फारच छान येतं." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. क्योतोची माणसं मागत नाहीत, कौतुक करतात. इमारत होईपर्यंत जिझोला घर हवं होतं. "फळी पुसून घेते," मी म्हटलं, आणि जाडजूड ग्रीक कोश उतरवता उतरवता तशीच उभी राहिले. सर, त्यानंही हेच केलं असणार! फळी रिकामी केली असेल, केर काढला असेल. राहायला पाहुणी येणार म्हटल्यावर माणूस आणखी काय करतो? आणि केर काढला हे चरित्रात कोण लिहितं?

आज सेमिनारमध्ये हेच मांडलं. शिष्य गप्प आहे, कारण त्याच्या वाचकांना हे सांगायची गरजच नव्हती. तुमच्या वाटीभर पाण्याचंही सांगितलं, वाक्यासकट. प्रोफेसर डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, झालं, वाजला बोऱ्या! मग म्हणाले, "माझी आईही रोज सकाळी देवापुढचं पाणी बदलायची. कुठे लिहून नाही ठेवलं तिनं. प्रकरण राहू द्या." मला तिथेच उड्या माराव्याशा वाटल्या.

एक सांगायचं राहिलं. आजारपणात तुम्ही ती अन्नपूर्णा माझ्या हातात ठेवलीत तेव्हा मी म्हटलं होतं, "सर, पण मीही मानत नाही." तुम्ही म्हणालात, "उत्तम. न मानणाऱ्यांकडे राहायची तिला सवय आहे." तेव्हापासून ती माझ्या लोकरीच्या मोज्यांच्या खणात होती. काल तिला बाहेर काढलं, जिझोशेजारी बसवलं, दोन वाट्या पाणी ठेवलं. मानत मी अजूनही नाही. पण आज सकाळी निघताना, दार ओढून घेण्याआधी, आत वळून "येते हं" म्हटलं.