हिरव्या लुगड्यातली बाई

नवी दिल्ली, १० ऑगस्ट २०२५

ती. कुमुदताईंना,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण रिटायर झाल्यापासून तुमचे बंधुराज दिवसभर घरात असतात आणि विषय त्यांचाच आहे. ताई, मला संशय येतो. जन्मभर पोरांना महागाई शिकवलेला हा माणूस दर शनिवारी फरीदाबादला जातो. सेमिनार असतो म्हणे! मुनिरकात राहणाऱ्या त्यांच्या विद्यार्थिनीला, तनयाला विचारलं, तर तिला कुठलाच सेमिनार ठाऊक नाही.

मिशी काढली आहे. सदऱ्याच्या खिशात केसांचा आकडा सापडला. आणि कहर म्हणजे माझं लग्नातलं हिरवं नऊवारी लुगडं कपाटातून गायब आहे. विचारलं तर म्हणाले, धोब्याकडे गेलं असेल. कोणाला नेसवलं असेल हो? मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले तरी यांचं डोकं पेपरात. दुसरीकडे बरं बघता येतं!

लेकाकडे, यशोधनकडे बंगळूरला कायमचं निघून जावं म्हणते. भाऊ कसाही निघाला तरी माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
क्षिप्रा

पुणे, १६ ऑगस्ट

चि. सौ. क्षिप्रास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. बाई आहे, हे खरं. मी तिला तुझ्या आधीपासून ओळखते. तिच्यापायी हेरंबने शाळेत असताना दादांचा मार खाल्ला, तेव्हापासून तो मुकाट्याने अर्थशास्त्राच्या मागे लागला. त्याने मला शपथ घातली आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. तीस तारखेला फरीदाबादच्या मराठी मंडळात गणपतीचं नाटक आहे. तिथे गुपचूप जाऊन बस. तोवर तिकीट काढू नकोस, आणि रागाच्या भरात बीपीची गोळी चुकवू नकोस.

खुशाली लगेच कळव, जीव टांगणीला आहे.

कुमुदताई

नवी दिल्ली, १ सप्टेंबर

ती. ताईंना सा. न.

गेले. शेवटच्या रांगेत बसून एकेका बाईच्या अंगावर माझं लुगडं शोधत होते. पडदा उघडला आणि ते स्टेजवरच आलं! बाई ठसठशीत, खोपा, नथ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात शेजारणीने कौतुकाने सांगितलं की हे एक रिटायर्ड प्रोफेसर आहेत, बायको हसेल म्हणून बिचारे चोरून तालमीला येतात.

मी हसणारच होते. पण त्या बाईने नवऱ्यावर चिडून बांगड्या कोपराकडे सारल्या, पदर डावीकडे खोचला, मग मन बदलून उजवीकडे खोचला. ताई, असं मी करते. अगदी असंच. लोक पोट धरून हसत होते आणि मला रडू आवरेना. म्हणजे पेपराआडून हा माणूस इतकी वर्षं मलाच बघत होता.

नाटक संपल्यावर आत गेले. मला बघून ते जागच्या जागी थिजले. काष्टा सैल झाला होता, तो मी घट्ट खोचून दिला. पुढचा प्रयोग पानिपतला आहे. लुगडं मीच नेसवणार.

आमच्या घरातल्या दोन्ही बायकांवर लोभ असू द्या.

तुमची,
क्षिप्रा