बोअरचं गोड पाणी

वस्ती, चितेगावजवळ
१२ फेब्रुवारी २०१३

चि. सौ. शीलास,
अजिनाथदादाचे आशीर्वाद. इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. फोनवर तुझं बोलणं मला नुसतं फुसफुसल्यागत येतं, तेव्हा कागदच बरा.

औंदा टँकर बारा-बारा दिवस येत नाय. पण आपली बोअर चारशे फुटांची. दहा वर्षांत एकदाबी आटली नाय. सगळी वस्ती आपल्याच नळावर भरते. काचेसारखं पाणी, पाहुणे म्हणतात, इतकं गोड शहरातबी नाय.

वाईट बातमी अशी, की शेजारचा बद्रीनाथ गेला. मेंढरांमागं माझ्यासंगं हिंडायचा तोच. चव्वेचाळीस वर्षांचा गडी बांधावर टेकला तो उठलाच नाय. हार्टचा झटका म्हणाले. तुझ्या वहिनीला, मंजुळेलाही चढावर छातीत दाबल्यासारखं होतं. माझ्या पोटऱ्या चालताना भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. उजव्या पायाचं एक बोट काळं पडलंय. इथले डॉक्टर म्हणतात, बिडी सोडा. जन्मात न ओढलेली बिडी सोडायची कशी, तेवढं औरंगपुऱ्याच्या तुझ्या दवाखान्यात विचारून कळव.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा दादा

औरंगाबाद
२० फेब्रुवारी २०१३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. बिडीचं वाचून हसले, मग बोटाचं परत वाचलं आणि पत्र तसंच आमच्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मलाच उलट विचारलं, भावाचे तळहात कसे आहेत?

दिवाळीत तू मला ओवाळणी घातलीस तेव्हा तुझा तळवा ज्वारीचे दाणे पेरल्यासारखा लागला होता. वहिनीचाही तसाच. कष्टाचे घट्टे असतील, असं मला वाटलं. मी नर्स आहे दादा, आणि मला तसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, घट्टा दांडा घासतो तिथंच येतो, सगळ्या तळव्यावर नाही. मग त्यांनी विचारलं, पाणी कुठलं पितात?

वहिनीला घेऊन ये. येताना मोटार थोडा वेळ चालू ठेवून स्वच्छ बाटली भरून आण. ओढ्यापलीकडच्या जुन्या विहिरीचंही आण. पाण्याला नाव ठेवलं म्हणून रुसू नकोस.

तुझी लाडकी आणि तुझ्या मते आगाऊ,
शीला

औरंगाबाद
१८ मार्च २०१३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या देऊन तू रागानं चहा न घेता गेलास. वहिनी मागं वळून बघत होती.

रिपोर्ट आले. बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आहे, चालतं त्याच्या बारापट. त्याला ना रंग, ना वास, ना चव. एका दिवसात काही होत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं की रक्तवाहिन्या आतून खराब होतात, ताठ होतात, अरुंद होतात. पायाला रक्त पोचत नाही म्हणून तुझं बोट काळं. हृदयाला पुरत नाही म्हणून वहिनीची छाती दाबते. बद्रीनाथभाऊचं नक्की कशानं झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. हे जमिनीतलंच की कुठून आलं, तेही ठाऊक नाही.

पाणी उकळू नकोस. उकळल्यानं ते जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. प्यायला आणि स्वयंपाकाला एक थेंबही नको. विहिरीचं गढूळ आहे, पण त्यात हे नाही. ते गाळून, उकळून प्या. गेलेलं सगळं भरून येणार नाही. पण थांबवलं तर पुढचं टळेल.

आणि वस्तीला सांग. ते तुलाच सांगावं लागेल.

तुझीच,
शीला

वस्ती
२ एप्रिल २०१३

चि. सौ. शीलास,
आशीर्वाद. पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी सकाळी नळाला कुलूप लावलं. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. मी रिपोर्ट वाचून दाखवला. फकिरा म्हणाला, अजिनाथला पाणी द्यायचं जिवावर आलंय. मला बरंच वाटलं, कारण त्याला उत्तर देता येत होतं.

बद्रीनाथची आशाबाई मात्र शेवटपर्यंत थांबली. हंडा खाली ठेवून तिनं विचारलं, "मग त्यांना तुमचंच पाणी बाधलं व्हय, दादा?"

मी म्हणालो, मला माहीत नाय. तिनं हंडा उचलला आणि ओढ्याच्या वाटेला लागली. मागनं मंजुळा निघाली, दम खात, दर चार पावलांवर थांबत. मी दोर घेऊन गेलो. आता रोज तीन खेपा होतात. लई थकायला होतं गं.

दादा

वस्ती
९ जानेवारी २०१४

चि. सौ. शीलास,
आशीर्वाद. काळं बोट कापून काढलं, ती जखम भरून आली. मंजुळेच्या गोळ्या चालू आहेत. चढ अजून होत नाय, पण सपाटीवर आता थांबावं लागत नाय. तपासणीला सरकारी माणसं आली होती. वस्तीतल्या अकरा जणांच्या तळव्यांवर तेच दाणे निघाले.

काल ग्रामसभा झाली. नळयोजना मागायची होती. फकिरा उठून म्हणाला, दहा वर्षं ह्यानंच विष पाजलं, ह्याला खाली बसवा. मी बसलोच होतो. तेव्हा आशाबाई उभी राहिली. म्हणाली, ज्यानं पाजलं त्यालाच ठाऊक नव्हतं, आणि कळल्यावर कुलूपबी त्यानंच लावलं. तुमच्यातल्या कुणी लावलं असतं? अर्जावर सगळ्यांनी सह्या, अंगठे केले.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, घरी चल, मंजुळा चहा करते. ती म्हणाली, "नको दादा. तुमच्या दारात अजून घोट उतरत नाय."

मी बरं म्हणालो. तिच्यासंगं तिच्या घरापर्यंत चालत गेलो.

तुझं मन आमच्यावर असू दे.
दादा